असेंब्ली भाषेत फ्लोटिंग पॉइंट भागाकार कसा लिहावा

शाळेत भागाकाराची मोठी रीत शिकवल्यानंतर उत्तराचा ताळा करून पाहण्याची सवय लावली जाते: भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. संगणकावर दशांशचिन्हांच्या, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट, संख्यांचा भागाकार आपण स्वतः, असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरच्या एकेका आज्ञेच्या भाषेत, लिहू लागतो तेव्हा हेच समीकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत उपयोगी पडते. नवशिक्यांचे रूटीन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, चुकते ते बहुतेक वेळा भागाकाराच्या लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञांमध्ये) नव्हे, तर लूप संपल्यावर उरलेल्या बाकीचे काय करायचे हे न ठरवल्यामुळे. म्हणून या लेखात लूपला जेवढी जागा दिली आहे, त्याहून अधिक जागा बाकीला आणि राउंडिंगला, म्हणजे उत्तर जवळच्या साठवता येणाऱ्या संख्येवर आणण्याला, दिली आहे.

उदाहरणासाठी आर्मचा कॉर्टेक्स-एम० हा प्रोसेसर घेतला आहे. त्यात फ्लोटिंग पॉइंट युनिट नाही आणि पूर्णांकांच्या भागाकाराचीही आज्ञा नाही. मायक्रोबिटच्या पहिल्या आवृत्तीत हाच प्रोसेसर आहे, आणि रास्पबेरी पाय पिकोवरील आरपी२०४० या चिपमध्ये त्याचा भाऊबंद असलेला कॉर्टेक्स-एम०+ आहे. या प्रोसेसरांसाठी सी भाषेत दोन फ्लोट संख्यांमध्ये भागाकाराचे चिन्ह लिहिले, तर कंपायलर तेथे एका लायब्ररी रूटीनला कॉल टाकतो. आपण तेच रूटीन लिहिणार आहोत. भाज्य आर० या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधील ३२ बिटांच्या साठवणीच्या जागेत) आणि भाजक आर१ मध्ये येतो, उत्तर आर० मध्ये परत द्यायचे असते, आणि आर४ पासून पुढची रजिस्टरे वापरायची असतील तर ती आधी स्टॅकवर, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात, ठेवून शेवटी जशीच्या तशी परत करावी लागतात. हा शेवटचा नियम मोडला तर रूटीनचे उत्तर बरोबर येते, पण कॉल करणारा प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी बिघडतो आणि दोष शोधण्यात संपूर्ण दिवस जातो. त्यामुळे स्टॅकवर ठेवणाऱ्या पुशची आणि परत काढणाऱ्या पॉपची अशा दोन ओळी सर्वांत आधी लिहाव्यात आणि मगच मधला भाग भरावा.

आज्ञांची आणि रजिस्टरांची नावे या लेखात देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिली आहेत. असेंब्लरला ती अर्थातच रोमन अक्षरांत द्यावी लागतात.

संख्या कशी साठवलेली असते

आयट्रिपलई ७५४ हे फ्लोटिंग पॉइंट संख्यांचे मानक १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या घडणीत विल्यम काहान यांचा वाटा मोठा होता आणि त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या मानकातील ३२ बिटांच्या संख्येत सर्वांत वरचा १ बिट चिन्हाचा, पुढचे ८ बिट घातांकाचे आणि उरलेले २३ बिट अपूर्णांकाचे असतात. घातांक १२७ ने वाढवून साठवतात. या १२७ ला बायस म्हणतात. संख्या नेहमी १.काहीतरी अशा द्विमान रूपात आणलेली असल्यामुळे दशांशचिन्हाच्या डावीकडचा १ साठवतच नाहीत, तो गृहीत धरतात. तो लपलेला १ परत जोडला की २४ बिटांचा मॅन्टिसा मिळतो.

उदाहरणार्थ १.० या संख्येचा घातांक १२७ आणि अपूर्णांक शून्य असतो, त्यामुळे तिचा ३२ बिटांचा नमुना पूर्णांक म्हणून वाचला तर १०६५३५३२१६ येतो. ३.० म्हणजे १.५ गुणिले २, म्हणून तिचा घातांक १२८ आणि नमुना १०७७९३६१२८ येतो. हे नमुने असे पूर्णांक म्हणून वाचायची सवय लावून घ्यावी, कारण चाचणी करताना आपण संख्यांची नव्हे, तर नमुन्यांची तुलना करणार आहोत.

भागाकाराचे गणित यावरून सरळ दिसते. चिन्हे एकमेकांशी एक्सऑर होतात (वेगळी असतील तर १, सारखी असतील तर ०), घातांकांची वजाबाकी होते आणि मॅन्टिसांचा भागाकार होतो. ६.० भागिले १.५ घ्या. ६.० चा घातांक १२९ आणि मॅन्टिसा १.५ आहे, तर १.५ चा घातांक १२७ आणि मॅन्टिसा १.५. दोन्ही घातांकांमध्ये बायस मिसळलेला असल्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो, म्हणून १२७ पुन्हा मिळवावा लागतो: १२९ उणे १२७ अधिक १२७, म्हणजे १२९. मॅन्टिसांचा भागाकार १. उत्तर १ गुणिले २ चा वर्ग, म्हणजे ४.०.

पहिली पायरी: चिन्ह आणि घातांक वेगळे करणे

दोन्ही संख्यांचा एक्सऑर करून वरचा एकच बिट आर६ मध्ये राखून ठेवावा. तो शेवटपर्यंत कोणीही हलवायचा नाही. त्यानंतर घातांक काढावा:

    एलएसएलएस  आर२, आर०, #१
    एलएसआरएस  आर२, आर२, #२४
    एसयूबीएस   आर२, आर२, #१
    सीएमपी     आर२, #२५४
    बीसीएस     विशेष

पहिल्या ओळीत एक बिट डावीकडे सरकवल्याने चिन्ह गळून पडते, दुसऱ्या ओळीत २४ बिट उजवीकडे सरकवल्याने फक्त घातांक उरतो. पुढच्या तीन ओळी १ वजा करतात, २५४ शी तुलना करतात आणि निकाल २५४ किंवा अधिक असेल तर 'विशेष' या खुणेकडे उडी मारतात; त्यांत एक युक्ती आहे. आपल्याला घातांक ० असणे आणि घातांक २५५ असणे, या दोन्ही वेगळ्या परिस्थिती पकडायच्या आहेत. घातांकातून १ वजा केला की ० चे रूपांतर चिन्हविरहित गणितात सर्वांत मोठ्या संख्येत होते आणि २५५ चे २५४ होते, म्हणून २५४ शी केलेली एकच तुलना दोघांनाही बाजूला काढते. भाजकाचा घातांक आर३ मध्ये काढून त्याच्यावरही हीच प्रक्रिया करावी. दोन्हींमधून १ वजा झाल्यामुळे त्यांच्यातील फरकावर काहीही परिणाम होत नाही.

दुसरी पायरी: विशेष संख्या

घातांक २५५ असेल आणि अपूर्णांक शून्य असेल तर ती संख्या अनंत असते. अपूर्णांक शून्य नसेल तर ती नॅन, म्हणजे 'संख्याच नव्हे', असे समजायचे. नियम थोडे आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. दोहोंपैकी एक जरी नॅन असेल तरी उत्तर नॅन. त्यानंतर अनंत भागिले अनंत आणि शून्य भागिले शून्य, या दोन्हींचे उत्तर नॅन. हे दोन प्रश्न निकाली निघाल्यावर उरलेले सोपे आहे: अनंताला कशानेही भागले तर अनंत, कशालाही अनंताने भागले तर शून्य, शून्याला कशानेही भागले तर शून्य, आणि शून्येतर संख्येला शून्याने भागले तर अनंत. अनंताचा नमुना २१३९०९५०४० आहे आणि नॅन परत देण्यासाठी २१४३२८९३४४ हा नमुना वापरावा.

उत्तर शून्य किंवा अनंत आले तरी त्याला आर६ मधील चिन्ह जोडणे विसरू नये. उणे १ भागिले अनंत याचे उत्तर उणे शून्य आहे, आणि उणे शून्याने पुन्हा १ ला भागले तर उणे अनंत मिळायला हवे. चिन्ह हरवले तर ही साखळी तुटते.

घातांक शून्य आणि अपूर्णांकही शून्य, तर संख्या शून्य. घातांक शून्य पण अपूर्णांक शून्य नाही, तर ती सबनॉर्मल संख्या असते. तिच्यात लपलेला १ नसतो आणि तिचा खरा घातांक ० नव्हे, तर १ धरायचा असतो. येथे नवशिके हमखास चुकतात. अशा संख्येचा मॅन्टिसा २३ व्या स्थानावर १ येईपर्यंत डावीकडे सरकवावा आणि प्रत्येक सरकण्याबरोबर घातांक १ ने कमी करावा. आपण आधीच १ वजा केलेला असल्यामुळे आर२ मध्ये या वेळी उणे १ असेल. त्याचे आधी ० करावे आणि मग लूप सुरू करावा. कॉर्टेक्स-एम० मध्ये संख्येच्या सुरुवातीची शून्ये मोजणारी आज्ञा नसल्याने लूपच वापरावा लागतो, पण सबनॉर्मल संख्या क्वचितच येत असल्यामुळे त्यात जाणारा वेळ खटकत नाही. लूप संपल्यावर मुख्य मार्गावर परत येताना लपलेला १ जोडण्याच्या ओळींनंतर उतरावे.

तिसरी पायरी: मॅन्टिसांची तयारी

मुख्य मार्गावर दोन्ही संख्या ९ बिट डावीकडे आणि पुन्हा ९ बिट उजवीकडे सरकवून चिन्ह व घातांक पुसावेत, आणि २ च्या २३ व्या घाताशी, म्हणजे ८३८८६०८ शी, ऑर करून लपलेला १ जोडावा. ही संख्या ८ बिटांत मावत नसल्याने ती आर७ मध्ये १ टाकून २३ बिट डावीकडे सरकवून तयार करावी. उत्तराचा घातांक आर२ मध्ये ठेवावा: आर२ उणे आर३ अधिक १२७.

आता दोन्ही मॅन्टिसा १ आणि २ यांच्या दरम्यान आहेत, त्यामुळे त्यांचा भागाकार अर्धा आणि २ यांच्या दरम्यान येईल. तो नेहमी १ किंवा त्याहून मोठा यावा म्हणून भाज्याचा मॅन्टिसा भाजकाच्या मॅन्टिसाहून लहान असल्यास तो एक बिट डावीकडे सरकवावा आणि आर२ मधून १ वजा करावा. हे काम लूपच्या आधी केले तर लूपमधून बाहेर पडणाऱ्या भागाकाराचा पहिला बिट नेहमी १ असतो आणि पुढच्या सर्व पायऱ्यांची मांडणी सुटसुटीत होते. काही जण हे काम लूपनंतर करतात. तेही चालते, पण तेव्हा एक जादा बिट काढून ठेवावा लागतो.

चौथी पायरी: लूप

मोठी रीत द्विमान पद्धतीत दशमान पद्धतीपेक्षा सोपी असते, कारण 'भाजक किती वेळा जातो' या प्रश्नाला दोनच उत्तरे आहेत: एकदा किंवा एकदाही नाही. जात असेल तर वजा करायचे आणि भागाकारात १ लिहायचा, जात नसेल तर ० लिहायचे, आणि पुढचा अंक उतरवून घ्यायचा. फेऱ्या २५ लागतात: २४ मॅन्टिसाच्या बिटांसाठी आणि एक त्यापुढच्या बिटासाठी, ज्याला गार्ड बिट म्हणतात. आर४ मध्ये शून्य आणि आर५ मध्ये २५ ठेवून सुरुवात करावी.

    फेरी:
        सीएमपी     आर०, आर१
        बीसीसी     पुढे
        एसयूबीएस   आर०, आर०, आर१
    पुढे:
        एडीसीएस    आर४, आर४
        एलएसएलएस  आर०, आर०, #१
        एसयूबीएस   आर५, आर५, #१
        बीएनई      फेरी

या सात ओळींचा आत्मा म्हणजे कॅरी फ्लॅग, मागच्या आज्ञेचा निकाल सांगणारा प्रोसेसरमधील एक बिट. आर्ममध्ये तुलनेत किंवा वजाबाकीत हातचा घ्यावा लागला नाही, तर कॅरी १ होतो. म्हणजे आर० हा आर१ एवढा किंवा त्याहून मोठा असेल तेव्हा कॅरी १, नाहीतर ०. आपल्याला भागाकारात लिहायचा असलेला बिट नेमका हाच आहे. वजाबाकी झाली तरी हातचा लागत नसल्यामुळे कॅरी १ च राहतो, आणि उडी मारणारी आज्ञा फ्लॅगना हात लावत नाही. मग एडीसीएस ही एकच आज्ञा आर४ दुप्पट करते, म्हणजे एक बिट डावीकडे सरकवते, आणि रिकाम्या जागी कॅरी भरते.

महाविद्यालयात ८०८५ किंवा ८०८६ वर असेंब्ली शिकलेल्या वाचकांनी येथे थांबून विचार करावा. त्या प्रोसेसरांमध्ये वजाबाकीनंतरचा कॅरी म्हणजे हातचा घेतल्याची खूण असते, म्हणजे अर्थ अगदी उलटा. तेथील लूप जसाच्या तसा येथे आणला तर भागाकाराचा प्रत्येक बिट उलटा येतो.

लूप कसा चालतो ते लहान मापावर हाताने करून पाहावे. समजा मॅन्टिसा ४ बिटांचाच आहे आणि १ ला ३ ने भागायचे आहे. १.० चा मॅन्टिसा १०००, म्हणजे ८, ३.० चा मॅन्टिसा ११००, म्हणजे १२. भाज्य लहान आहे, म्हणून ते दुप्पट करून १६ केले. फेऱ्या ४ अधिक १, म्हणजे ५. सोळातून बारा जातात: १ लिहिला, बाकी ४, दुप्पट ८. आठातून बारा जात नाहीत: ०, दुप्पट १६. पुन्हा १, बाकी ४, दुप्पट ८. पुन्हा ०, दुप्पट १६. शेवटी १, बाकी ४. भागाकार १०१०१. यातील शेवटचा १ हा गार्ड बिट आहे. तो बाजूला केला तर १०१० उरते, म्हणजे १.२५. गार्ड बिट १ असल्यामुळे वर नेले तर १०११, म्हणजे १.३७५. खरे उत्तर १.३३३३ असल्यामुळे १.३७५ त्याला अधिक जवळचे आहे. कागदावर एवढे केल्याशिवाय डीबगर उघडू नये, असे मी आग्रहाने सांगेन; बाकी दर फेरीत कशी बदलते हे एकदा हाताने लिहिले की पुढचा भाग आपोआप समजतो.

कॉर्टेक्स-एम० वर घेतलेल्या उडीला ३ सायकल (घड्याळाचे ठोके) लागतात, त्यामुळे एक फेरी ९ किंवा १० सायकलमध्ये होते आणि सगळा लूप साधारण २२५ ते २५० सायकलमध्ये. १६ मेगाहर्ट्झवर हे सुमारे १५ मायक्रोसेकंद झाले. वेग हवा असेल तर लूप उलगडून फेरीतला मजकूर २५ वेळा लिहावा. प्रत्येक फेरीतील मोजणी व उडीच्या ४ सायकल वाचतात, म्हणजे एकूण जवळजवळ १००. मात्र आधी बरोबर उत्तर आणावे, वेग नंतर.

पाचवी पायरी: राउंडिंग

मानकाचा नेहमीचा नियम असा आहे की खरे उत्तर ज्या साठवता येण्याजोग्या संख्येच्या सर्वांत जवळ असेल ती संख्या द्यावी, आणि उत्तर दोन संख्यांच्या अगदी मधोमध असेल तर ज्या संख्येचा शेवटचा बिट ० आहे ती निवडावी. मधोमध आहे की नाही हे कळण्यासाठी गार्ड बिटानंतर काही उरले आहे का, हे पाहावे लागते. त्या 'काही उरले आहे' या एका बिटाच्या माहितीला स्टिकी बिट म्हणतात, आणि भागाकारात ती माहिती बाकीत असते: आर० शून्य नसेल तर स्टिकी १.

आता एक सुंदर गोष्ट. उत्तर सर्वसाधारण श्रेणीत असेल, म्हणजे सबनॉर्मल नसेल, तर भागाकार कधीच अगदी मधोमध येत नाही. कारण पाहा. मधोमध असणे म्हणजे २५ बिटांच्या भागाकाराचा शेवटचा बिट १ आणि बाकी शून्य. म्हणजे भागाकार ही २ च्या २४ व्या घाताहून मोठी विषम संख्या झाली. बाकी शून्य असल्यामुळे भागाकार गुणिले भाजक बरोबर भाज्य गुणिले २ चा कुठलातरी घात असे होईल, म्हणजे आपला विषम भागाकार भाज्याच्या मॅन्टिसाला निःशेष भागेल. पण मॅन्टिसा २ च्या २४ व्या घाताहून लहान असतो; त्याहून मोठी संख्या त्याला निःशेष भागू शकत नाही. म्हणून गार्ड बिट १ असेल तेव्हा बाकी शून्य असूच शकत नाही, आणि राउंडिंग दोन ओळींत संपते:

    एलएसआरएस  आर४, आर४, #१
    एडीसीएस    आर४, आर५

पहिल्या ओळीत गार्ड बिट कॅरीमध्ये पडतो, दुसऱ्या ओळीत तो मिळवला जातो. लूप संपल्यावर आर५ शून्य असतो, म्हणून वेगळे शून्य तयार करण्याचीही गरज नाही. मॅन्टिसा वर नेल्यामुळे तो २ होऊन घातांक वाढवावा लागेल, ही बेरीज-गुणाकारात येणारी अडचणही येथे येत नाही. भाज्य दुप्पट केले असेल तर भागाकार जास्तीत जास्त २ उणे (२ भागिले भाजकाचा पूर्णांक म्हणून वाचलेला मॅन्टिसा) एवढा असतो, आणि हा आकडा सर्वांत मोठ्या २४ बिटी मॅन्टिसापेक्षा लहानच राहतो. दुप्पट केले नसेल तर सर्वांत मोठा भागाकार २३ व्या स्थानापर्यंत नेमका बसतो.

१ भागिले ३ पूर्ण मापावर करून पाहू. घातांक १२७ उणे १२८ अधिक १२७, म्हणजे १२६. भाज्य लहान असल्याने दुप्पट केले, म्हणून १२५. २५ बिटांचा भागाकार २२३६९६२१ येतो. ही संख्या विषम आहे, म्हणजे गार्ड बिट १. निम्मे १११८४८१०, अधिक १ म्हणजे १११८४८११. ताळा करण्यासाठी बाकी पाहावी: ती ४१९४३०४ येते, आणि लूपच्या शेवटच्या ओळीत आणखी एकदा दुप्पट झाल्यामुळे आर० मध्ये ८३८८६०८ दिसेल. हे दुप्पट होणे विसरले की ताळा जुळत नाही आणि लूपच चुकला आहे असे वाटू लागते.

उत्तर जोडताना घातांकातून १ वजा करून तो २३ बिट डावीकडे सरकवावा आणि त्यात मॅन्टिसा मिळवावा. मॅन्टिसातील लपलेला १ घातांकात जाऊन वजा केलेला १ भरून काढतो. शेवटी आर६ मधील चिन्ह ऑर करावे. १ भागिले ३ चा नमुना १०५१३७२२०३ यायला हवा, आणि ती संख्या सुमारे ०.३३३३३३३४३ आहे.

सहावी पायरी: मर्यादेबाहेरची उत्तरे

जोडण्याच्या आधी आर२ तपासावा. तो २५५ किंवा अधिक असेल तर उत्तर अनंत. तो शून्य किंवा उणे असेल तर उत्तर सबनॉर्मल आहे किंवा शून्य आहे. ही तुलना चिन्हासह करायची असते, म्हणून येथे बीजीई आणि बीएलई या उड्या वापराव्यात; लूपमधली बीसीसी येथे वापरली तर उणे घातांक प्रचंड मोठा समजला जाईल आणि शून्याच्या जागी अनंत परत जाईल.

सबनॉर्मल उत्तरासाठी २५ बिटांचा भागाकार, अजून राउंडिंग न केलेला, आणखी १ उणे आर२ इतके बिट उजवीकडे सरकवावा. हे अंतर २४ पेक्षा जास्त असेल तर उत्तर शून्य. 'अजून राउंडिंग न केलेला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ३.४९ ला आधी एका दशांश स्थळापर्यंत ३.५ केले आणि मग पूर्णांकात आणले तर ४ येतात, आणि एकदाच केले तर ३ येतात. दोनदा राउंडिंग केल्याने चुकलेला शेवटचा बिट कोणत्याही साध्या चाचणीत दिसत नाही, म्हणून आधी सरकवणे आणि मग एकदाच राउंडिंग, हा क्रम पाळावा.

वर सांगितलेली 'मधोमध येत नाही' ही सवलत येथे लागू होत नाही, कारण आता ठेवायचे बिट २४ पेक्षा कमी आहेत. म्हणून येथे स्टिकी बिट खरोखर काढावा लागतो. भागाकाराची प्रत आर३ मध्ये ठेवावी, आर४ उजवीकडे सरकवावा, त्याची दुसरी प्रत तितकेच बिट परत डावीकडे सरकवून आर३ शी ताडून पाहावी. फरक असेल किंवा आर० मधील बाकी शून्य नसेल तर स्टिकी १. मग गार्ड बिट ० असेल तर काहीच मिळवायचे नाही. गार्ड १ आणि स्टिकी १ असेल तर १ मिळवायचा. गार्ड १ आणि स्टिकी ० असेल तर उत्तराचा शेवटचा बिट जो असेल तोच त्यात मिळवायचा. घातांकाचे क्षेत्र शून्य ठेवून हा मॅन्टिसा तसाच परत द्यावा. तो राउंडिंगमध्ये वाढून ८३८८६०८ झाला, तर तो नमुना आपोआप सर्वांत लहान सर्वसाधारण संख्येचा होतो, आणि तेच योग्य उत्तर असते.

चाचणी

भागाकाराच्या चाचणीत किती काळजी घ्यावी लागते, याचे उदाहरण १९९४ साली इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरने घालून दिले. व्हर्जिनियातील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते आणि त्यांची उत्तरे जुळेनात. पेंटियममध्ये दर पायरीला भागाकाराचे दोन बिट काढणारी रीत होती, तिला पुढचा अंक सुचवणारे कोष्टक लागते, आणि त्या कोष्टकातल्या १०६६ नोंदींपैकी ५ राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ याचे उत्तर १.३३३८२०४४९ च्या जागी १.३३३७३९०६८ येत असे. ताळा केल्यावर, म्हणजे भागाकार आणि भाजक गुणून भाज्यातून वजा केल्यावर, शून्याऐवजी २५६ उरत. इंटेलला ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार सोसावा लागला. या दोन्ही संख्या २४ बिटांत नेमक्या बसतात, म्हणून आपल्याही चाचणीत त्या घ्याव्यात.

हातात बोर्ड नसेल तर क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये मायक्रोबिट उपलब्ध आहे. आपल्या रूटीनची उत्तरे संगणकावरील हार्डवेअरच्या फ्लोट भागाकाराशी ताडून पाहावीत, आणि तुलना नमुन्यांची करावी: संख्यांची तुलना केली तर अधिक शून्य आणि उणे शून्य समान ठरतात, आणि नॅन स्वतःशीही समान ठरत नाही. दोन्ही बाजूंना नॅन आला असेल तर मात्र नमुना वेगळा असला तरी चालवून घ्यावे.

काही लाख यादृच्छिक नमुने पळवणे आवश्यक आहे, पण ते पुरेसे नाही. अगदी मधोमध येणारी सबनॉर्मल उत्तरे यादृच्छिक नमुन्यांत जवळजवळ कधीच येत नाहीत, त्यामुळे ती हाताने लिहावी लागतात. भाजक २.० (नमुना १०७३७४१८२४) घेऊन पुढील भाज्ये तपासावीत. नमुना १ असेल तर उत्तर ० यावे. नमुना ३ असेल तर २ यावे. नमुना ५ असेल तरी २ च यावे. येथे ३ आले तर स्टिकी न पाहता नुसता गार्ड मिळवला जात आहे. नमुना ८३८८६०८ असेल तर ४१९४३०४ यावे. आणि नमुना १६७७७२१५ असेल तर ८३८८६०८ यावे. ही माझी सर्वांत आवडती चाचणी आहे, कारण तिच्यात सरकवणे, मधोमध असणे आणि सबनॉर्मलमधून सर्वसाधारण श्रेणीत चढणे, हे तिन्ही एकाच वेळी तपासले जाते.

न्यूटन-रॅफसनची रीत, म्हणजे भाजकाचा व्यस्त अंदाजाने घेऊन तो दर फेरीत सुधारत जाण्याची रीत, अनेकांना आकर्षक वाटते. जेथे मोठा गुणाकार स्वस्त असतो तेथे ती खरोखर वेगवान आहे. पण कॉर्टेक्स-एम० चा गुणाकार उत्तराचे खालचे ३२ बिटच देतो, आणि त्या रीतीत बाकी हाती लागत नसल्यामुळे शेवटी ती गुणाकार करून वेगळी काढावीच लागते. पहिले रूटीन मोठ्या रीतीनेच लिहावे.

तेच पुढे ६४ बिटांच्या डबल संख्यांसाठी वाढवता येते. मॅन्टिसा ५३ बिटांचा आणि बायस १०२३ होतो, फेऱ्या ५४ लागतात, आणि भाज्य, भाजक व भागाकार प्रत्येकी दोन रजिस्टरांत पसरतात. खालच्या अर्ध्याची वजाबाकी एसयूबीएसने आणि वरच्या अर्ध्याची एसबीसीएसने केली की कॅरी पूर्वीप्रमाणेच भागाकाराचा बिट देतो. फरक एवढाच की तुलना आणि वजाबाकी एकाच वेळी होते, म्हणून कॅरी ० आला तर भाजक पुन्हा मिळवून बाकी पूर्ववत करावी लागते. ती मिळवण्याआधी कॅरी भागाकारात सरकवून घ्यावा, कारण बेरीज तो पुसून टाकते.